तोकुजीचं काम गळत नाही

पाणी ठेवलं तिथंच राहिलं पाहिजे, हे आमच्या धाकट्या दिराचं, तोकुजी भाऊजींचं, जन्माचं वेड. ते गवंडी. ओताबा गावातली निम्मी न्हाणीघरं त्यांच्या हातची. न्हाणीतला हौद बांधून झाला की ते तो काठोकाठ भरायचे, पाण्याच्या रेघेवर पेन्सिलीनं खूण करायचे आणि दुसऱ्या दिवशी घरातली माणसं उठायच्या आत दारात हजर व्हायचे. रेघेखाली केसभर पाणी उतरलं असलं तर हौद फोडायचा आणि नव्यानं बांधायचा. असं म्हणे दोनदाच झालं. दोन्ही वेळा दोष वाळूचा होता हे ते अजून ऐकवतात. 'तोकुजीचं काम गळत नाही' असं आमच्याकडे लोक कशालाही म्हणतात. पोटातलं ओठावर येऊ न देणाऱ्या माणसालाही म्हणतात.

मी त्यांची वहिनी, किनुए. वय शहात्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. या माणसाच्या दाराशी मी सणावाराला लोणच्याची वाटी नेऊन दिली, आजारपणात पेज करून घातली, आणि तेवढी सगळी वर्षं मनातून त्याच्यावर रागावलेली राहिले. का ते सांगते, पण आधी हान्झाकीचं सांगितलं पाहिजे.

आमच्या सासागो ओढ्यात हान्झाकी असतो, पुस्तकात त्याला महाकाय सॅलॅमँडर म्हणतात. चपटं डोकं, चार आखूड पाय, मातकट सुरकुतलेलं अंग. वाढलेला असला तर शेपटीसकट माझ्या कमरेइतका भरतो. डोळे असे बारीक की शोधावे लागतात, आणि तोंड या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधोमध चिरला तरी मरत नाही म्हणून नाव हान्झाकी, म्हणजे अर्धा चिरलेला, असं म्हातारे सांगायचे. चिरून बघणारा मला कुणी भेटला नाही. माझे सासरे लहानपणी तो खायचे. शिजताना घरभर तिरफळासारखा वास सुटायचा म्हणे. आता त्याला बोटसुद्धा लावायचं नाही असा कायदा आहे. एकदा एक आमच्या भातखाचरात शिरला, तर मला त्याला उचलून ओढ्यात टाकायची सोय नव्हती. जिल्ह्याच्या ऑफिसला फोन केला आणि माणूस येईपर्यंत बांधावर छत्री धरून उभी राहिले. मी उन्हात, तो चिखलात, दोघं एकमेकांकडे बघतोय. तेव्हापासून मला एक कोडं पडलं होतं, की या प्राण्याच्या डोक्यात चालतं तरी काय?

मोठा पूर आला त्या वर्षी ओढ्यानं खालच्या अंगाचे दोन्ही काठ खाल्ले. जिल्ह्याच्या ऑफिसनं ते काँक्रीटनं बांधायला काढले. माणसांच्या दृष्टीनं झकास. पण हान्झाकी अंडी घालतो काठाच्या पोटातल्या बिळात. बिळाचं तोंड पाण्याखाली हवं आणि आत ऐसपैस जागा हवी. तिथं नर आधी जाऊन बसतो, घर झाडून काढतो, माद्या येऊन अंडी घालून जातात, आणि मग पोरं सांभाळत हिवाळाभर तोच बसतो. आमच्या गावातल्या बायकांना ही गोष्ट फार आवडते. सपाट काँक्रीटमध्ये बीळ कुठून येणार? खालच्या अंगाला तीन वर्षांत एकही पिल्लू दिसलं नाही.

ही मोजदाद शहरातल्या संग्रहालयाच्या ओगिहारा बाईंची. चाळिशीच्या, कायम गुडघाभर ओल्या, बोलताना समोरच्याचं जेवण थंड होईपर्यंत बोलणाऱ्या. त्या ऑफिसच्या मागे हात धुऊन लागल्या, आणि शेवटी तिथले कुसाका साहेब कबूल झाले. खालच्या भिंतीत हान्झाकीसाठी दोन घरं बांधायची. भिंतीमागे धान्याच्या पेटीएवढी काँक्रीटची खोली, वर काठावरून उघडायचं झाकण, आणि खोलीतून ओढ्यात उतरणारी दोन हात लांब नळी. अंडी घालायचा महिना सप्टेंबर, म्हणून सलग तीन वर्षं सप्टेंबरात वाट बघायची. माणसानं बांधलेल्या भिंतीत हा प्राणी अंडी घालतो असं दिसलं, तर वरच्या अंगाची चारशे मीटरची भिंतही अशीच घरं ठेवून बांधायची. नाही दिसलं, तर सरळ सपाट भिंत. वरचं अंग म्हणजे ओढ्याचा शेवटचा मोकळा काठ. माझा भाजीचा मळाही तिथंच.

ठेकेदाराच्या पोरांना यंत्र चालवता येत होतं, एवढीशी खोली हातानं घडवता येत नव्हती. म्हणून एकाहत्तराव्या वर्षी तोकुजी भाऊजींना बोलावणं आलं. ते आले ते नवी कोरी सदरा-विजार घालून. त्या दोन खोल्या त्यांनी बारा दिवस बांधल्या. आतून असा गिलावा केला की मी हात फिरवून बघितला आणि म्हणाले, "भाऊजी, माझ्या न्हाणीला असला गिलावा कधी मिळाला नाही हो."

"वहिनी, तुमच्याकडे अंडी कुठं घालायचीत?" असं म्हणून ते लाजले. त्यांना क्वचित विनोद सुचतो आणि सुचला की लाजतात.

पहिला सप्टेंबर आला. ओगिहारा बाईंनी झाकणं उघडली. दोन्ही घरं रिकामी. बाई म्हणाल्या, नवीन सिमेंटचा वास असेल, एक वर्ष जाऊ दे. दुसरा सप्टेंबर आला. पुन्हा रिकामी. एका घरात एक खेकडा होता, तोही आम्हाला बघून निघून गेला.

आता भाऊजींना चैन पडेना. त्यांच्या बांधकामात कुणी राहायला नकार देतंय, असं आयुष्यात झालं नव्हतं. त्यांनी नळी खरवडून खडबडीत केली, चढताना पाय घसरत असतील म्हणून. नळीच्या तोंडाशी दगड लावून आडोसा केला. खोलीत पाला टाकला, मग पाला काढून वाळू टाकली. एका दुपारी मी मुळे धुवायला गेले तर हा बहात्तर वर्षांचा माणूस छातीभर पाण्यात उताणा होऊन नळीत डोकं घालायचा प्रयत्न करत होता.

"अहो, काय करताय? न्युमोनिया होईल!"

"वहिनी, त्याला आत शिरताना काय दिसतं ते बघतोय."

"मग? काय दिसलं?"

"अंधार," ते म्हणाले, आणि खरंच विचारात पडले.

पुलाजवळ गेनपाचीचं दारूचं दुकान आहे. त्याच्या तोंडाला कुलूप नाही. तो येताजाता विचारायचा, "काय तोकुजी, भाडेकरू मिळाला का? भाडं फार सांगितलंस की काय?" भाऊजी मान खाली घालून जायचे. मला गंमत वाटायची, नाही कशाला म्हणू? बरी जिरली, असंच वाटायचं. पण रात्री पडल्या पडल्या मीही तोच विचार करायची. इतकं स्वच्छ, इतकं मजबूत घर. पुरात वाहून न जाणारं. या बाबाला आणखी हवंय तरी काय?

आता माझ्या रागाचं सांगते.

माझे सासरे गवंडी होते. त्यांना दोन मुलगे. थोरले शोझो, म्हणजे आमचे हे, आणि धाकटे तोकुजी. रीतीप्रमाणे थापी थोरल्याकडे जायची. पण सासऱ्यांनी ती धाकट्याच्या हातात दिली आणि थोरल्याला त्याच्या हाताखाली घमेली वाहायला लावलं. का, तर आमच्या ह्यांचं काम गळायचं. खोटं कशाला बोलू, गळायचंच. ह्यांचं लक्ष कामात नसायचं. दगड उचलला की त्याच्याखाली काय वळवळतंय ते बघत बसायचे. कालवलेला माल घट्ट व्हायचा, दगडांमधल्या फटी, म्हणजे दरजा, अर्ध्या भरलेल्या राहायच्या.

देवळाच्या आवारात हात धुवायचं नवं टाकं बांधायचं ठरलं, तेव्हा हे हट्टाला पेटले. हे एकच काम मी करतो, म्हणाले. केलंही. शिशिरातल्या उत्सवाच्या आदल्या दिवशी पाणी भरलं. सगळं गाव माळा बांधायला जमलेलं. थोड्या वेळानं टाक्याच्या बुडाशी ओल दिसली. भाऊजी आले, वाकले, बोट लावून बघितलं. हातोडा घेतला आणि सगळ्यांच्या देखत टाकं फोडलं. धाकट्या भावानं थोरल्याचं काम, देवळाच्या दारात! मग बसले आणि रात्रभर खपून नवीन बांधलं. ते अजून आहे. गळत नाही.

आमच्या ह्यांनी त्यानंतर थापी टाकली आणि लाकडाच्या वखारीत कामाला लागले. भांडले नाहीत, रडले नाहीत. फक्त एकदा, एका वसंतात, रविवारी रविवारी ओढ्यात उतरून माझ्या मळ्याखालचा ढासळता काठ त्यांनी दगडांनी बांधून काढला. कुणी सांगितलं नव्हतं. भिंत झाली, आणि तिच्यातून डोंगराचं पाणी झिरपायला लागलं. भाऊजी बघायला आले. गेनपाची आणि आणखी चारजण पुलावर उभे होते. भाऊजी म्हणाले, "दादा, ही भिंत आहे की चाळण?" पुलावर हशा पिकला.

आणि मी? मीही घरात आल्यावर म्हणालेच, की तुमच्या भिंतीपायी माझे मुळे कुजणार. तेही कबूल करते. हे जाऊन आठ वर्षं झाली, आणि अजून ते वाक्य मला कुठं ठेवावं कळत नाही.

तर तिसरं वर्ष. ऑगस्ट संपत आला होता. मळ्यात माझा पाय जमिनीत खचला, पार गुडघ्यापर्यंत. भिंतीमागची माती वाहून गेली होती. मी भाऊजींना निरोप धाडला. अर्ध्या तासात हजर! सिमेंटची गोण, घमेलं, थापी, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला राग आला. पस्तीस वर्षं त्या भिंतीच्या दरजा भरायला त्यांचे हात शिवशिवत होते, मी भरू देत नव्हते.

ते ओढ्यात उतरले. मी काठावर बसले, लक्ष ठेवायला. पाण्याखाली कुठली फट किती मोठी आहे ते ते हातानं चाचपत होते. "इथून पाणी येतंय वहिनी. बर्फासारखं. हे बघा, इथूनही येतंय. अरे देवा, दादानं काय केलंय हे!" असं म्हणत त्यांनी एका फटीत हात कोपरापर्यंत घातला, आणि जी बोंब मारली ती पुलापर्यंत ऐकू गेली.

हात बाहेर आला तो रक्तानं भरलेला. दोन बोटांवर अर्धगोल ओरखडा, बारीक दातांचा.

"साप!" मी किंचाळले.

भाऊजींनी हात नाकाशी नेला. हुंगला. मग पुन्हा हुंगला. "तिरफळाचा वास येतोय," ते म्हणाले.

मी हाताला फडकं गुंडाळलं आणि आधी डॉक्टरला न बोलावता ओगिहारा बाईंना फोन केला. कायदा म्हणजे कायदा. चावला तो, पण बोट लावलं आम्ही. बाई दोन तासांत आल्या. लांब दांडीच्या टोकाला बसवलेला छोटा कॅमेरा त्यांनी फटीत सारला आणि आम्हाला पडदा दाखवला. आत चांगली ऐसपैस जागा होती. तळाला धुतल्यासारखी वाळू. आणि मध्यभागी एक प्रचंड चपटं डोकं, आमच्याकडे तोंड करून, अजिबात न हलणारं.

"नर आहे," बाई कुजबुजल्या, जणू तो ऐकत होता. "हे फटीबाहेर मातीचा ढीग बघा. त्यानं लोटलाय. घर झाडतोय तो, माद्यांची वाट बघतोय. तोकुजीसान, या भिंतीत तो किती वर्षं राहतोय कुणास ठाऊक!"

भाऊजींनी विचारलं, "आतलं पाणी किती गार आहे?"

बाईंनी मोजलं. ओढ्यात तेवीस अंश, भिंतीच्या पोटात सोळा.

"आणि माझ्या घरांत?"

आम्ही तिघंही खालच्या अंगाला गेलो. झाकण उघडलं. चोवीस अंश, आणि पाणी थिजल्यासारखं एका जागी. वर धूळ साचलेली. बाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "हे कसं? मागच्या भिंतीतून डोंगराचं पाणी यायला हवं. नकाशात मी बारा भोकं दाखवली होती. अंड्यांना वाहतं गार पाणी लागतं, म्हणून तर."

भाऊजी तिथंच काठावर बसले. फडकं बांधलेला हात मांडीवर. "भोकं होती," ते म्हणाले. "मला वाटलं, चुकून काढलीत. बाई शिकलेल्या आहेत पण बांधकामातलं काय कळणार, असं वाटलं. तुम्हाला उगाच चारचौघांत ओशाळं वाटू नये म्हणून बोललो नाही. बुजवून टाकली."

"सगळी?"

"गिलाव्याचे दोन-दोन हात देऊन."

बाईंनी तोंडावर हात धरला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही. त्यांनी ते काम कधी तपासलंच नव्हतं. तोकुजीचं काम कोण तपासतं?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून खालच्या अंगाकडून छन्नीचा आवाज यायला लागला. मी डबा घेऊन गेले. भाऊजी त्या पेटीएवढ्या खोलीत वाकून बसले होते आणि स्वतःच्या हातचा गिलावा फोडत होते. जखमी हातानं छन्नी धरलेली. एक भोक पडलं, आणि डोंगराचं पाणी आलं, आधी गढूळ, मग स्वच्छ. ते त्याच्याकडे बघत बसले. मी मनात म्हटलं होतं की हे बघून मला बरं वाटेल. नाही वाटलं. मी लोणच्याची फोड त्यांच्या भातावर ठेवली आणि परत आले.

"या वर्षी उपयोग होणार नाही," ओगिहारा बाईंनी स्पष्ट सांगितलं. "नरांच्या जागा धरून झाल्यात." आणि हेच शेवटचं वर्ष.

सप्टेंबरच्या मध्यावर कुसाका साहेब आले. डोक्यावर हेल्मेट, हातात फॉर्म, वागायला सभ्य. वाईट माणूस नाही. त्याच्या कागदावर जेवढे चौकोन तेवढंच त्याचं जग. गावातली दहा-बारा माणसं जमली होती, गेनपाची अर्थात सगळ्यात पुढे. पहिलं झाकण उघडलं, रिकामं. दुसरं उघडलं, रिकामं. साहेबांनी दोन ठिकाणी फुली मारली.

"मला वाईट वाटतं," ते म्हणाले, आणि वाटतही असावं.

"वरच्या अंगाला अंडी आहेत," ओगिहारा बाई म्हणाल्या. "किनुएसानच्या मळ्याखाली. चारशेच्या वर. मी काल बघितलीत. या, दाखवते."

आमची वरात वर निघाली. बाईंनी कॅमेरा फटीत सारला. पडद्यावर पिवळसर मण्यांच्या माळाच माळा, प्रत्येक मण्यात एक ठिपका, आणि त्यांच्यामधून सावकाश शेपूट हलवत फिरणारा तो म्हातारा. जमलेली माणसं पडद्याभोवती दाटीवाटीनं वाकली. गेनपाचीसुद्धा. फटीतून येणाऱ्या गार पाण्यात त्या माळा हलत होत्या.

साहेबांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "सुंदर आहे. पण बाई, हा नैसर्गिक काठ आहे. पिल्लं बाहेर पडली की वसंतानंतर इथलं काम सुरू करता येतं. माझ्या कागदावर प्रश्न एकच आहे. माणसानं बांधलेल्या भिंतीत हा प्राणी अंडी घालतो का?"

"घालतो," भाऊजी म्हणाले.

"घरं तर रिकामी—"

"ही भिंत आहे साहेब. बांधलेली."

साहेबांनी माझ्या मळ्याखालच्या त्या काठाकडे बघितलं. नेचे वाढलेले, शेवाळ, दगड कुठलेही कसेही, सगळीकडून पाणी झिरपतंय. ते हसले. "हे बांधकाम? हे दरड कोसळून साठलेले दगड आहेत."

भाऊजींचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ते बूट-मोज्यासकट ओढ्यात उतरले, दोन्ही हातांनी नेचे बाजूला केले आणि दगडांमधला माल दाखवला. "हे बघा. सिमेंट आहे. थापीचे फटकारे डावीकडून गेलेत. बांधणारा डावखुरा होता. दरजा अर्ध्याच भरल्यात. मागं नुसते गोटे टाकलेत, माती दाबलेली नाही. सगळं नियमाविरुद्ध आहे. म्हणून पाणी येतं. म्हणून तो राहतो."

"याला पुरावा?"

"पुरावा मी आहे," भाऊजी म्हणाले. "मी इथं उभा राहून सगळ्यांच्या देखत म्हणालो होतो, ही भिंत आहे की चाळण?"

"म्हणाला होता!" गेनपाची ओरडला. "मी होतो पुलावर. मीच सगळ्यात मोठ्यानं हसलो होतो साहेब!"

"मीही होते," मागून कुणीतरी बाई म्हणाली. "आम्ही किती दिवस शोझोला चाळणवाला म्हणत होतो." आणि मग एकेकाला आठवायला लागलं. कोण काय बोललं होतं, कुणी काय टिंगल केली होती, कुणी उत्सवात त्यावर गाणं रचलं होतं. पस्तीस वर्षांपूर्वीची एकूणएक टवाळी त्यांनी साहेबांच्या पुढ्यात ओतली, साक्ष म्हणून. साहेब भराभरा लिहीत होते. मी सगळ्यांसाठी चहा आणला होता, तो वाटायचा राहूनच गेला.

"बांधणाऱ्याचं नाव?" साहेबांनी विचारलं.

"शोझो. माझे थोरले बंधू."

"व्यवसाय? वखारीत कामाला होते, असं आत्ता कुणी म्हणालं ना?"

"गवंडी," भाऊजी म्हणाले. "गवंडी लिहा."

हिवाळ्यात वरच्या भिंतीचा नकाशा बदलला. माझ्या मळ्याखालची भिंत आहे तशी ठेवायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना तशीच, झिरपणारी, फटींची भिंत बांधायची असं ठरलं. वसंतात पिल्लं ओढ्यात पांगल्यावर काम सुरू झालं. ठेकेदाराची तरणी पोरं हुशार, पण त्यांना कळेना की दगड सैल लावायचे म्हणजे किती सैल, आणि दरज सोडायची म्हणजे कुठं. मग पुन्हा बोलावणं तोकुजी भाऊजींना. दाखवा म्हणाले, एक हातभर भिंत बांधून दाखवा.

मी वरून बघत होते. भाऊजींनी दगड लावला, त्यावर दुसरा लावला, फट सोडली. आणि बोलता बोलता थापी वळली, माल उचलला आणि फट भरून टाकली. त्यांच्या लक्षातही आलं नाही. पोरांनी सांगितलं. त्यांनी माल खरवडून काढला, पुन्हा लावायला घेतला, पुन्हा भरला. तिसऱ्यांदा तेच. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. चौथ्या वेळी त्यांनी थापी खाली ठेवली, डाव्या हातात घेतली, तसं करून बघितलं, आणि मग ती ओल्या दगडावर ठेवून दिली.

"पोरांनो, ती वरची भिंत बघा आणि तिच्याकडून शिका," ते म्हणाले. "मला नाही जमत हे. दादाला जमायचं."

पस्तीस वर्षं मी हे ऐकायला थांबले होते, आणि ऐकलं तेव्हा मला काय व्हावं? मी वरून ओरडले, "मग ते होते तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

ओढ्यातली सगळी माणसं वर बघायला लागली. भाऊजींनी टोपी काढली आणि पाण्यात तसेच उभे राहिले. आणि ह्यांना मी तरी कुठं सांगितलं होतं?